दातांत दोरा, नाकाशी सामना

सीएसएमटीहून सुटलेली टिटवाळा लोकल 64 किलोमीटर कापते. ठाणे, डोंबिवली, कल्याण करत अर्ध्या डब्याचा घाम अंगावर घेऊन बाई उतरते आणि घरी न जाता थेट पार्लरची पायरी चढते. "ताई, पटकन अंडरआर्म्स करून दे गं." पटकन तर ताईलाच उरकायचं असतं.

शास्त्र म्हणतं, घामाला मुळात फारसा वास नसतो. काखेतले जिवाणू त्यावर ताव मारतात, तेव्हा दरवळ सुटतो. म्हणजे दोष बाईचा नाही, जिवाणूंचा. पण वॅक्सचे पैसे जिवाणू देत नाहीत, बाई देते, त्यामुळे तिला बोलायची सोय नाही.

खरी परीक्षा भुवयांची. दोऱ्याचं एक टोक दातांत, दोन्ही हात गुंतलेले, नाक गिऱ्हाइकाच्या तोंडापासून वीतभर. समोरून मशेरी आणि दुपारची सुकट हातात हात घालून येतात. नाक दाबायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. टिटवाळ्याच्या महागणपतीला चार आहेत, त्याचं बरं आहे.

अंगारकीला तर त्याच्या दर्शनाच्या रांगेतून सुटलेले अनवाणी पाय पेडिक्युअरला येतात. मग ताई गोड आवाजात म्हणते, "आधी पाय भिजवू या, आज फ्री आहे." फ्री म्हटलं की कुणी कारण विचारत नाही.

निघताना बाई नाक मुरडते, "ताई, तुझ्या पार्लरला कसलासा वास येतो गं. अगरबत्ती लावत जा."