आधी प्रयोगशाळा दाखवा

बीएस्सीचं शेवटचं वर्ष आलं की घरात एकच विषय सुरू होतो: कुठला देश? मामा म्हणतो जर्मनी. शेजारच्या काकू म्हणतात इंग्लंड, कारण त्यांचा भाचा तिथे आहे. मग रँकिंग निघतं, व्हिसा निघतो, शिक्षण संपल्यावर किती दिवस राहता येतं ते निघतं. कर्जासाठी घराची कागदपत्रं कपाटातून निघतात. प्रबंधाचं काम कोणाच्या प्रयोगशाळेत होणार आणि किती महिने चालणार, हे मात्र कोणी विचारत नाही. विज्ञानाची पदव्युत्तर पदवी घ्यायची तर पहिला प्रश्न तोच हवा.

का, ते आपल्या प्रॅक्टिकलला जाऊन बघा. द्रावणं आधीच करून ठेवलेली, बाटल्यांना लेबलं लावलेली. ब्युरेट भरायचं, थेंब थेंब सोडायचं, फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि रीडिंग घ्यायचं. तीन रीडिंगं जुळली पाहिजेत. नाही जुळली तर जुळवायची. उत्तर सरांना ठाऊक असतं, लॅब असिस्टंटला ठाऊक असतं आणि सिनियरच्या जर्नलमध्ये निळ्या शाईत लिहिलेलंही असतं. जर्नल सर्टिफाइड झालं की विषय संपला. अशी तीन वर्षं काढलेल्या मुलीचा हात तयार असतो, गणितं येतात, पण ज्याचं उत्तर खोलीतल्या कोणालाच माहीत नाही असा एकही प्रयोग तिने केलेला नसतो. यात तिचा दोष नाही. तिला तशी संधीच कोणी दिली नाही.

परदेशी एमएस्सीत पैसे मोजायचे ते या संधीसाठी. आठवडाभर खपून लावलेल्या प्रयोगातून हाती काहीच येत नाही. यंत्राचा आलेख स्थिर राहत नाही. गाइड खांद्यावरून डोकावतो आणि म्हणतो, का ते तू सांग. वहीत तारीख घालून लिहावं लागतं की आज जमलं नाही, आणि ते पान फाडायचं नसतं. विज्ञान शिकायला सुरुवात होते ती इथून.

आता तासांचा हिशेब करू. जर्मनीतली एमएस्सी साधारण दोन वर्षांची, १२० क्रेडिटची. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात, म्हणजे ३००० ते ३६०० तास. त्यातले ३० क्रेडिट बहुतेक ठिकाणी प्रबंधाचे: सलग सहा महिने. इंग्लंडमधली शिकवणीची एमएस्सी एका वर्षाची, १८० क्रेडिटची. आकडा मोठा दिसतो, पण तिथला क्रेडिट १० तासांचा, म्हणजे सगळे मिळून १८०० तास. प्रबंध बहुधा ६० क्रेडिटचा, तोही उन्हाळ्यात उरकायचा. सप्टेंबरात गेलेली मुलगी जूनच्या आसपास प्रयोगशाळेत उभी राहते आणि उन्हाळा संपता संपता प्रबंध देऊन मोकळी होते. सुरुवातीचे आठवडे सुरक्षेचे फॉर्म भरण्यात आणि यंत्र शिकण्यात जातात, शेवटचे लिहिण्यात. मधल्या दिवसांत प्रयोग फसायलासुद्धा वेळ मिळत नाही. ‘एक वर्ष वाचलं’ असं जे सांगितलं जातं, ते वाचलेलं वर्ष नेमकं कुठलं हे घरच्यांनी समजून घ्यावं.

ज्यांनी आपल्याकडे एमएस्सी केली आहे किंवा कंपनीत काम केलं आहे, त्यांना ते एक वर्ष पुरतं. इंग्लंडमध्येच एमरेस नावाची पदवी आहे, तीही वर्षाचीच, पण तिच्यात संशोधनाचा वाटा पुष्कळ मोठा असतो. तिच्याबद्दल कन्सल्टन्सीच्या ऑफिसात तुम्ही कधी ऐकलंत का?

ऐकलं नसेल, तर आणखी एक गोष्ट विचारा: तिथला सल्ला फुकट का? ब्रिटनमधली आणि ऑस्ट्रेलियातली अनेक विद्यापीठं एजंटला प्रवेशामागे कमिशन देतात, बहुधा पहिल्या वर्षाच्या फीच्या टक्केवारीत. यात बेकायदेशीर काही नाही, आणि तिथे बसलेली माणसं वाईट असतात असंही नाही. पण पैसे कोण देतं हे कळलं की यादीत कोणती नावं वर येतात तेही कळतं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फीच नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं. जिथे फी नाही, तिथे टक्का कशाचा काढणार? व्हिसासाठी सप्टेंबर २०२४पासून ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात हे खरं, पण ती फी नव्हे. महिन्याला ९९२ युरोप्रमाणे ते आपलेच पैसे आपल्याला मिळतात. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएचडीला विद्यापीठ बहुधा फी माफ करून वर मानधन देतं आणि तिथे पदवीनंतर थेट अर्ज करता येतो. अनेक ठिकाणी चार वर्षांची पदवी लागते. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात चौथं संशोधनाचं वर्ष आलं आहे, त्याचा उपयोग इथे आहे.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी केंब्रिजला गेल्या असं आपण अभिमानाने सांगतो. केंब्रिज तर होतंच, पण त्या ज्या प्रयोगशाळेत गेल्या ती फ्रेडरिक हॉपकिन्स यांची होती. जीवरसायनशास्त्रातलं त्या काळचं इतकं मोलाचं ठिकाण दुसरं सापडणं कठीण. तिथे रॉबिन हिल यांच्यासोबत बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९मध्ये पीएचडी मिळवली. पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं. कुठल्या टेबलावर, कोणाच्या शेजारी उभं राहून शिकलो, याचा आयुष्यभर इतका उपयोग होतो.

अशी प्रयोगशाळा शोधायला एजंट लागत नाही. जर्मन विद्यापीठं प्रत्येक अभ्यासक्रमाचं मॉड्यूल हँडबुक वेबसाइटवर ठेवतात: विषय कोणता, तास किती, परीक्षा कशी, सगळं त्यात असतं. विभागातल्या गटांची पानं उघडा, गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांचं काय छापून आलं ते बघा, तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला मेल टाका. दोन संध्याकाळींचं काम आहे. व्हिसाच्या मुदतीवर देश निवडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की ब्रिटनमध्ये एमएस्सीनंतर राहण्याची दोन वर्षांची मुभा १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांसाठी अठरा महिन्यांवर येते आहे. वीस-तीस लाखांचं कर्ज अशा बदलत्या मुदतीच्या भरवशावर काढू नये.

आणि त्याआधी एक करा. आपल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी विद्यार्थ्यांना दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात, पैसे देऊन. देशातल्या चांगल्या संशोधन संस्थांत तिच्यावर काम करता येतं. मुलीला तिथे अर्ज करायला लावा. दोन महिन्यांत तिला कंटाळा आला, तर कर्जाच्या अर्जावर सही व्हायच्या आत घरात ते कळलेलं असेल. आणि रात्री आठ वाजता ‘आई, जेवायला थांबू नकोस, अजून एक सॅम्पल लावून निघते’ असा फोन आला, तर खुशाल कर्ज काढा.