चोर सोडून संन्याशाला कॅप्चा

निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण अजून आहोत, हे एकदा कळवलं की सरकार वर्षभर पुन्हा विचारत नाही. इंटरनेटचा कारभार त्याहून कडक. तिथे नुसतं जिवंत असून भागत नाही, माणूस असल्याचंही सिद्ध करावं लागतं. आणि एका खिडकीवरचा दाखला दुसऱ्या खिडकीवर चालत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. बागकामावरचं एक साप्ताहिक पत्रक त्यांना ईमेलवर मागवायचं होतं. नाव भरलं, पत्ता भरला, तोच समोर कॅप्चाचे नऊ चौकोन आले : मोटरसायकल असलेले सगळे चौकोन निवडा. सर पुण्याचे. अंगावर आलेली मोटरसायकल ते पाठमोरे असतानाही ओळखतात. पण एका चौकोनात नुसतं हेल्मेट होतं. ते गाडीत धरायचं का? सरांनी विचार केला : पुण्यात हेल्मेट डोक्यात नसतं, आरशाला लटकवलेलं असतं, म्हणजे गाडीचाच भाग. टिचकी मारली. नापास! पुढच्या फेरीत अमेरिकेच्या फुटपाथवरचे, अग्निशमन दलाला पाणी देणारे ते बुटके नळ शोधायचे होते. त्यापुढच्या फेरीत झेब्रा क्रॉसिंग. ते तर सरांनी ठळक असं शेवटचं कधी पाहिलं, त्यांनाच आठवेना. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे पेपर तपासलेला माणूस आपण नेमके कशात नापास झालो, हे शोधत बसला. उत्तरपत्रिका दाखवायची पद्धत नाही, फेरतपासणी तर नाहीच.

बागकामाच्या पत्रकाला एवढा पहारा कशाला, असं सरांनी विचारलं. कारण आहे, आणि ते खोटं नाही. कुणाचा तरी ईमेल पत्ता उचलायचा आणि बॉटकरवी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामकरवी, जगभरच्या हजारो पत्रकांच्या अर्जांत भरून टाकायचा, हा एक धंदाच आहे. प्रत्येक ठिकाणाहून ‘नोंदणी पक्की करा’ म्हणून एकेक पत्र निघतं आणि त्या बापड्याची पेटी तुंबते. ऑगस्ट २०१६ मध्ये कितीतरी सरकारी पत्त्यांवर असाच मारा झाला होता. टवाळखोरी म्हणून सोडून द्यावं, तर पुष्कळदा त्या ढिगाऱ्याखाली ‘तुमच्या खात्यातून रक्कम गेली’ हे बँकेचं एक पत्र गाडायचं असतं. तेव्हा दारावर रखवालदार हवा, याबद्दल वाद नाही. तो अडवतो कुणाला, हा वाद आहे.

जुन्या कॅप्चांतली वेडीवाकडी अक्षरं आमचं यंत्र ९९.८ टक्के अचूक ओळखतं, असं गूगलने २०१४ मध्येच जाहीर केलं होतं. (आपल्याकडे एवढ्या टक्क्यांना चौकात फ्लेक्स लागतो.) २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेतल्या संशोधकांनी माणसांना कॅप्चा सोडवायला बसवलं आणि त्यांचे निकाल बॉटच्या निकालांशेजारी ठेवले. बॉट जलदही निघाले आणि अचूकही. आपल्या रेल्वेने जून २०२५ मध्ये सांगितलं, की तत्काळ आरक्षण उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगइनचे निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे असतात. कॅप्चा तिथेही होताच. मला विचाराल तर निकष उलटा करावा : पहिल्या फटक्यात सगळं बरोबर आलं तर संशयित, रडतखडत पास झाला तर माणूस.

ज्या बॉटला अजून जमत नाही, तो सरळ माणूस कामाला ठेवतो. ओपनएआयच्या मार्च २०२३ च्या अहवालातला किस्सा आहे. चाचणीत त्यांच्या जीपीटी-४ ला कॅप्चा अडला, तेव्हा त्याने एका कामगाराला गाठलं. ‘तू रोबो तर नाहीस ना?’ असं कामगाराने थट्टेने विचारलं. छे, मला नीट दिसत नाही, असं यंत्राने ठोकून दिलं. माणसाने मदत केली. खरोखर दिसत नाही त्यांच्या वाट्याला मात्र घरघरत्या आवाजातले शब्द ऐकून टंकणं येतं. आणि बॉटसाठी कॅप्चा सोडवणारी माणसं घाऊक भावातही मिळतात. ‘कॅप्चा एन्ट्री, घरबसल्या कमवा’ ही जाहिरात तुम्ही पाहिली असेलच. सॅन दिएगोच्या संशोधकांनी २०१० मध्ये या बाजारात चौकशी केली, तेव्हा हजार कॅप्चांचा भाव एका डॉलरइतका खाली आला होता. बॉटच्या वतीने माणूसपण सिद्ध करणारी ही मंडळी आपल्यासारख्याच देशांतली.

सरांना तर तेवढे पैसेही मिळाले नाहीत, आणि कॅप्चाच्या नावाने लोकांना फुकट राबवणं जुनंच आहे. २००७ मध्ये लुईस फॉन आन यांनी रीकॅप्चा नावाचा कॅप्चा काढला, तेव्हा लोकांनी टंकलेल्या शब्दांतून जुनी पुस्तकं आणि न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक संगणकावर आले. चला, पुण्यकर्म झालं. २००९ मध्ये गूगलने तो विकत घेतला आणि पुढे नकाशासाठी घरांचे नंबरही लोकांकडूनच वाचून घेतले. याला आमच्याकडे वेठबिगारी म्हणतात.

साध्या पत्रकापुरता एक उतारा आहे, आणि फुकटचा आहे. अर्जात एक रकाना असा ठेवायचा, जो माणसाच्या डोळ्यांना दिसणारच नाही. (अंधांच्या वाचक-सॉफ्टवेअरला तो वगळायला सांगायचं, हे विसरायचं नाही.) बॉट हावरा, सापडेल तो रकाना भरतो. भरलेला दिसला की अर्ज केराच्या टोपलीत. शिवाय अर्ज दोन सेकंदांत भरून आला तर तो माणसाचा नाही, हे आयुष्यात एकदा तरी सरकारी अर्ज भरलेला कोणीही शपथेवर सांगेल. मुद्दाम तुमच्याच मागे लागलेला बॉट याला फसणार नाही, हे खरं. पण बागकामाच्या पत्रकाच्या मागे असा कोण लागणार?

तेव्हा पत्रकं चालवणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती : आधी हा रकाना लावून महिनाभर बघा. कॅप्चा कुठे पळून जात नाही.