४६ टक्क्यांचा वकील

"मामा, बीएला ४६ टक्के पडलेत. लॉला कोण घेतंय आपल्याला?"

परंड्याच्या एसटी स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात एका पोरानं परवा मला हे विचारलं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सहा सेमिस्टरच्या मार्कशीटा. दुसऱ्या वर्षी वडील आजारी पडले, जनावरं आणि रात्रीचं पाणी पोराच्या अंगावर आलं, दोन विषय राहिले. नंतर सुटले, पण टक्केवारी घसरली ती घसरलीच. मी म्हटलं, "नियमात बसतोस. फॉर्म भर." त्याला वाटलं, मी समजूत घालतोय.

समजूत कसली? बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम आहेत. तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीत खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, ओबीसीसाठी ४२, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४०. उंबरा एवढाच. तो ओलांडला की पुढची यादी सीईटीच्या गुणांवर लागते. राज्यात २०१६ पासून हेच चाललंय. म्हणजे ४६ वाला आणि ७६ वाला एकाच रांगेत उभे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही असतात. बीएत जे हातचं गेलं ते दोन तासांत परत मिळवायची ही संधी आहे, आणि आमची पोरं ती घेत नाहीत. का? तर पारावरच्या कुणीतरी सांगितलेलं असतं, "वकिली हुशारांचं काम, तू आपला पोलीस भरती बघ." सांगणाऱ्यानं नियम उघडूनही पाहिलेला नसतो. त्या एका वाक्यानं एकेका पोराचं वर्ष जातं. मला याचा राग येतो.

बाबासाहेबांचा फोटो आपल्याकडे घरोघरी आहे. १९०७ च्या मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्केवारी काढा, ३७.६ येते. तेव्हाची तपासणी आणि आजचे मार्क एका तराजूत घालू नयेत, कबूल. शिवाय ते मिळवताना त्यांनी जे सोसलं त्याचा हिशेब कुठल्याच मार्कशीटवर नसतो. पण तेच पुढे लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य. २८२ हा आकडा पोरांना शाळेतच सांगायला हवा.

पोरं अडतात ती वेगळ्याच ठिकाणी. ओबीसीतल्या पोराला ४३ टक्के असतात, तो निवांत असतो. नॉन-क्रिमीलेअर काढायला तो शेवटच्या आठवड्यात सेतूत जातो. दाखला वेळेत आला नाही की तो खुल्या प्रवर्गात मोजला जातो, तिथं ४५ लागतात, आणि खेळ खलास. दुसरा सीईटी देतो, चांगले मार्क पाडतो आणि कॉलेजातून बोलावणं येईल म्हणून घरी बसतो. प्रवेशफेरीची नोंदणी वेगळी करायची असते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तिसरा बारावी न करता पूर्वतयारी देऊन मुक्त विद्यापीठात शिरलेला असतो. बार कौन्सिलच्या नियमांत तशी पदवी एलएलबीला चालत नाही. बारावी होऊन मुक्त विद्यापीठातून बीए केलं असेल तर ती अडचण नाही. हा फरक प्रवेशाच्या खिडकीत कळला तर पोराची तीन वर्षं पाण्यात.

आणि ४५ च्या खालच्याला "व्यवस्थापन कोट्यातून करून देतो, थोडे पैसे सोड" म्हणणारे भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. किमान टक्केवारी त्या कोट्यालाही लागू आहे. पैसे जातील, प्रवेश टिकणार नाही.

पोरांनाही एक सुनावतो. कमी मार्कांची लाज नको, पण नुसतं नाव लावून पदवी घ्यायची असेल तर हा रस्ता धरू नका. ७० टक्के हजेरीचा नियम आहे. कॉलेज धाराशिवला किंवा सोलापूरला, म्हणजे खोली करून राहणं आलं, नाहीतर रोज एसटीचे धक्के. तो खर्च आणि ती दगदग घरात बसून आधी बोलून घ्या.

एवढं करून परत यायचं कुठं? परंड्याच्याच कोर्टात. तिथली एक सकाळ बघा. बांध कोरला म्हणून दोन भाऊ समोरासमोर, वाटणीत बहिणीचं नाव गाळलं म्हणून दावा, सीना-कोळेगावच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे कागद पिशवीत घेऊन आलेला म्हातारा. शेजारी तहसीलमध्ये शेतरस्ता अडवल्याचे अर्ज, तेही १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली. निजामाच्या काळातल्या इनामांचे गुंते अजून सुटलेले नाहीत. त्या म्हाताऱ्याला त्याच्या भाषेत विचारणारा, सातबाऱ्यावरचा फेरफार बोट ठेवून दाखवणारा वकील हवा असतो. खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. रात्रीचं पाणी धरलेल्या पोराला बांधाचं भांडण नकाशाआधी कळतं. बीएच्या ४६ टक्क्यांत ते कुणी मोजलेलं नाही.

आता मागणं परंड्याच्या वकील मंडळींकडे. सीईटीचे फॉर्म सुटले की पंधरा दिवस, रोज संध्याकाळी तासभर, बाररूममध्ये एकानं बसावं. पोरांच्या मार्कशीटा बघाव्यात, टक्के मोजून द्यावेत, कुठला दाखला कधी काढायचा ते कागदावर लिहून द्यावं. झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या पोराला मी तुमच्याकडेच पाठवलंय.