नऊ लागले, पण कुणाचे?

भिंगारमध्ये नेमबाजी शिकायला निघणं म्हणजे देहूत टाळ विकत घेणं. सल्ला फुकट. छावणीचं गाव, हाकेवर नगरचं रणगाडा संग्रहालय. नवशिका उंबरा ओलांडायच्या आत निम्म्या आळीने त्याला श्वास रोखायला शिकवलेलं असतं.

1 ऑगस्ट 2024 ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं आणि घरोघरच्या अर्जुनांना पोपटाचा डोळा दिसू लागला.

नवशिक्याला मात्र पहिले काही दिवस भिंतच दिसते. छर्रा नाहीच! रायफल उचलायची, धरायची, ठेवायची. कॅनव्हासच्या ताठ जॅकेटमध्ये वाकता येत नाही. सपाट तळाच्या बुटांत तो बदकासारखा डुलत चहाच्या टपरीवर जातो. (ते बूट रस्त्यावर घालायचे नसतात, हे तिथेच कळतं.)

मग एकदाचा छर्रा मिळतो, साडेचार मिलिमीटरचा. दहा मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीहून बारीक. पहिलाच छर्रा थेट शेजाऱ्याच्या कागदावर.

घरी तो एवढंच सांगतो, "नऊ लागले."

आई पेढे आणायला निघते. ओट्यावरचे निवृत्त सुभेदारकाका पेपर खाली करतात, "कुणाच्या कागदावर रे?"