रांगेत उभं राहून फुटबॉल येत नाही

शाळेच्या फुटबॉलची जबाबदारी अचानक अंगावर पडलेले पीटीचे सर आणि सोसायटीतले हौशी बाबा पुस्तक घेताना मुखपृष्ठ बघतात. मेस्सी दिसला की घेतलं. त्याऐवजी मधलं कुठलंही सरावाचं पान उघडा आणि चित्रातली मुलं मोजा, मग चेंडू मोजा. बारा मुलं, एक चेंडू, पहिला खेळतोय आणि बाकीचे अकरा कमरेवर हात ठेवून रांगेत, असं चित्र असेल तर पुस्तक जागेवर ठेवून द्या. तासाभराचा सराव बारा जणांत वाटला की एकेकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. पाच मिनिटांत चेंडू पायाला सरावत नाही.

वील कूर्वर या डच प्रशिक्षकांनी १९७४ साली फेयेनूर्डला यूएफा कप जिंकून दिला. तरी जगभर त्यांचं नाव राहिलं ते वेगळ्याच कामामुळे: मोठ्या खेळाडूंच्या चाली सुट्या करायच्या आणि प्रत्येक मुलाकडून त्याच्या स्वतःच्या चेंडूवर घोटून घ्यायच्या.

आता पासचं पान काढा. पायाच्या आतल्या बाजूने पास द्यायचा, हे सगळीच पुस्तकं सांगतात. चांगलं पुस्तक टेकलेल्या पायाकडे बोट दाखवतं. तो चेंडूच्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावर हवा, बोटं ज्याला पास द्यायचा त्याच्या दिशेने. मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट. पोराचा चेंडू सारखा हवेत उडतोय? बहुतेक वेळा टेकलेला पाय मागे राहिलेला असतो. ‘नीट मार रे!’ ओरडून तो पुढे येत नाही. चूक कशावरून ओळखायची हे ज्यात लिहिलंय, तेच नवख्याच्या कामाचं.

वयाचा उल्लेख नसलेलं पुस्तकही नको. सातवीच्या मुलाचा पाच नंबरचा चेंडू दुसरीतल्या मुलीला दिला तर ती त्याला घाबरायलाच शिकेल. तिला तीन नंबर द्या. हेडरचंही तेच. इंग्लंडने २०२० मध्येच प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावात हेडर नको, अशी सूचना काढली.

चार वर्ल्डकप जिंकलेल्या जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून सगळ्यात लहान गटांना देशभर छोट्या सामन्यांवर आणलं: दोन-दोन किंवा तीन-तीन मुलं, चार छोटे गोल, गोलकीपर नाही. आपण तिसरीतली पोरं अकरा-अकरा करून मोठ्या मैदानावर सोडतो. चेंडूमागे एक घोळका धावतो, आणि लांबच्या कोपऱ्यातलं पोर बुटाने माती उकरत बसतं. त्या पोराचा अख्खा रविवार आपण वाया घालवतो. याचा मला राग येतो.

पहिल्याच प्रकरणात ४-३-३ ची आखणी असेल तर ते पुस्तक कॉलेजच्या टीमला द्या. आणि शाळेने खर्च मंजूर केलाच असेल तर आधी मुलागणिक एक चेंडू मागून घ्या. फिफाचे सरावाचे व्हिडिओ मोबाईलवर फुकट बघता येतात. चेंडू विकतच आणावे लागतात.