'सह' कुठे गेला?

दर 1 मे रोजी हुतात्मा चौकात पुष्पचक्रं वाहिली जातात, भाषणं होतात आणि ऊन चढायच्या आत सगळे घरी जातात. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' या घोषणेसाठी 106 जणांनी जीव दिला. 1960 मध्ये मुंबई मिळाली. महाराष्ट्रही झाला.

राहिला तो 'सह'.

'सह' हे शब्दयोगी अव्यय, असं शाळेत शिकवलं होतं. नामाला चिकटून येतं आणि कितीही वर्षं गेली तरी बदलत नाही. व्याकरणाचा इतका अचूक अंमल सरकारने दुसरीकडे कुठे केल्याचं आठवत नाही.

कोण कोणाला कसं चिकटलंय ते बघायचं तर नळ सोडा. मुंबईला रोज जवळजवळ 400 कोटी लिटर पाणी मिळतं. सात तलावांपैकी विहार आणि तुळशी तेवढे मुंबईच्या हद्दीत, म्हणजे चवीपुरते. बाकी तानसा, भातसा, वैतरणा हे सगळे ठाणे, पालघर, नाशिककडचे. एकट्या भातसाचं पाणी निम्म्याच्या आसपास. भातसा शहापूर तालुक्यात, आणि मे महिन्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. टँकर आपलं पाणी कोरड्या विहिरीत ओततो. मग कठड्याभोवती उभ्या बायका दोरीला कळशी बांधून तेच गढूळ पाणी पुन्हा वर ओढतात. डोंगरापलीकडे धरण असतं.

इकडे आमच्या सोसायटीत रविवारी गाड्या धुतात. पाइपाने.

कोयनेचं तेच. धरणात बुडाली साताऱ्याची गावं, वीज खेळली मुंबई-पुण्याच्या कारखान्यांत. उठवलेली माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरीत नेऊन बसवली. त्यातल्या कित्येकांची फाइल अजून 'कार्यवाहीत' आहे. नातवंडं आता ती चिकाटीने वाचतात.

पण शहराने नुसतं घेतलंच, असं कोण म्हणतो? पगाराची स्लिप काढा. खालून दुसरी-तिसरी ओळ. व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत 300. वर्षातला सगळ्यात आखूड महिना, पण कर सगळ्यात लांब. (वर्षाची बेरीज 2,500 बसवायची म्हणून. सरकारला गणित येतं, फक्त ते आपल्या खिशात करतं.)

हा कर आला कुठून? 1972 चा दुष्काळ. गुरं छावणीत, माणसं खडी फोडायला. वि. स. पागे यांच्या डोक्यातून रोजगार हमी योजना निघाली: मागेल त्याला काम. पैसा कुठून आणायचा, तर शहरातल्या पगारदाराकडून. म्हणून 1975 चा व्यवसाय कर. लालबागच्या कारकुनाच्या पगारातून माणदेशात पाझर तलाव खणला गेला. कारकुनाला तलाव माहीत नव्हता, तलावावरच्या मजुराला कारकून.

पासष्ट वर्षांतला खरा 'सह' शोधलात तर तो हाच. त्याचा पुतळा कुठे नाही, जयंती नाही, नुसती कपात आहे. पुढे 2005 मध्ये दिल्लीने याच कल्पनेचा देशभराचा कायदा केला. कल्पना दिल्लीला गेली.

कपात इथेच राहिली.

आता गिरणगाव. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांनी संप पुकारला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. म्हणजे कागदोपत्री कामगार अजून संपावरच आहेत. गिरण्या मात्र कामाला लागल्या. कुणी मॉल झाली, कुणी बोलिंगची गल्ली, कुणी चाळीस मजली काच.

सातारा, कोल्हापूर आणि कोकणचा अर्धा संसार या गिरण्यांच्या भोंग्यावर चाले. कोकणचं अर्थशास्त्र तर पोस्टमनच्या पिशवीत असायचं: मनीऑर्डर आली की दुकानाची उधारी फिटे, कौलं बदलली जात. संपानंतर पिशवी हलकी झाली. तेव्हा कुठल्या अर्थतज्ज्ञाने नव्हे, पोस्टमनने पहिल्यांदा ओळखलं की मुंबईत काहीतरी मोडलंय.

जमिनीचं काय झालं ते पुन्हा व्याकरणातच सांगतो. 1991 चा नियम सोपा होता. गिरणीची जमीन विकायला काढली की एक तृतीयांश शहराच्या मैदानांना, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना, उरलेली मालकाला. 2001 मध्ये त्यात एक विशेषण शिरलं. वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची. ज्या जागेवर शेड, खातं, चिमणी उभी, ती मोकळी नव्हे. गिरणीच्या आवारात शेड नसलेली जागा किती? वडाच्या झाडाखाली कामगार डबा खात, तेवढी. उच्च न्यायालयाला हे पटलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये चालवून घेतलं.

अव्ययाने राज्य मिळालं, विशेषणाने जमीन गेली. मराठी भाषा मरतेय म्हणणाऱ्यांनी तिची ही ताकद बघावी.

नवी मुंबई? ती तर जोडशहराची कल्पना. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल, प्रवीणा मेहता यांनी मांडली: खाडीपलीकडे शहर वसवा, सरकारी कचेऱ्या तिकडे न्या, बेटाच्या टोकावरचा भार उतरवा. 1970 मध्ये सिडको निघाली. सरकारने जनतेला सांगितलं, चला पलीकडे. आणि स्वतः? 1981 मध्ये नवं विधान भवन बांधलं.

नरिमन पॉइंटला.

वाशीला लोकल पोहोचली 1992 मध्ये, तोवर बावीस वर्षं लोकांनी बस पकडून नव्या शहरावर श्रद्धा ठेवली. ज्या आगरी-कोळ्यांच्या 95 गावांच्या जमिनीवर हे घडलं त्यांना भावासाठी रस्त्यावर उतरावं लागलं. जानेवारी 1984 मध्ये उरणला गोळीबारात पाच जण गेले. दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते. त्याच जमिनीवर ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. खाडीच्या बांधावर मिठागर सांभाळणाऱ्याचा नातू आता तिथे सामानाच्या ट्रॉल्या गोळा करतो. प्रकल्पग्रस्ताला नोकरी दिली नाही, असं म्हणायला तोंड नाही.

जुन्या मुंबईत वेगळाच चमत्कार. 1947 च्या भाडेकायद्याने भाडं 1940 च्या पातळीला बांधलं. गिरगावात एका खोलीचं महिन्याचं भाडं अजून साठ रुपये, खाली टपरीवर दोघांनी वडापाव-चहा घेतला तर त्याहून जास्त. मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू सोडेना. शेवटी जिन्याला टेकू लागतो आणि पावसाळ्यात पालिकेची नोटीस. नोटीस तेवढी दर वर्षी कोरी असते.

झोपडीचं उलट. तिथे भिंत हलत नाही, संरक्षणाची तारीख हलते. 1976, मग 1995, मग 2000, मग 2011. प्रत्येक तारीख शेवटचीच होती.

आणि उरलेला महाराष्ट्र? त्याच्यासाठी 'अनुशेष' असा भारदस्त शब्द आहे. 1983 मध्ये वि. म. दांडेकरांची समिती नेमली, तिने पुढच्या वर्षी विदर्भ-मराठवाड्याचं मागासपण रुपयांत मोजून दाखवलं. विकास मंडळं यायला 1994 उजाडलं. 2020 मध्ये त्यांची मुदत संपली. नागपूर करार 1953 चा, म्हणून हिवाळ्यात अधिवेशनासाठी अख्खं सरकार फायलींसकट नागपूरला जातं. दोन आठवडे मोर्चे, तारांकित प्रश्न, संत्र्याची बर्फी. परतताना फायली जशाच्या तशा येतात.

बर्फीचे डबे तेवढे रिकामे होतात.

आता मात्र तक्रारीला जागा नाही. नागपूर ते मुंबई, 701 किलोमीटर, समृद्धी महामार्ग. शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. नाव मुंबईचं असलं तरी रस्ता थांबतो भिवंडीजवळ आमणे गावी. परवा आम्ही त्यावरून आलो. 120 च्या वेगाने विदर्भ, मराठवाडा, नगर, नाशिक मागे टाकलं, बोगद्यांतून कसारा घाट कधी उतरलो ते कळलं नाही. आमण्याहून पुढे निघालो आणि कंटेनरच्या मागे उभे राहिलो. उभेच.

काच खाली केली. चहाची किटली घेऊन गाड्यांमधून फिरणाऱ्या पोराला विचारलं, "मुंबई किती लांब रे?"

तो म्हणाला, "चालत जाणार का गाडीने?"