बंड्या कुलाब्याच्या दारात

वहिनी, जरा भिंतीशी या. ही घ्या पांढऱ्या कांद्यांची माळ, खास अलिबागची. पैसे कसले हो! भाच्याच्या गाडीतून आली. परवा पहाटे आमच्या दारात ती गाडी उभी होती ना, तीच. तुमच्या खिडकीचा पडदा हललेला पाहिला मी. समोरच्या काकांना तर वाटलं, ॲम्ब्युलन्सच आली. चप्पल न घालता धावत आले बिचारे.

कॅम्परव्हॅन म्हणतात तिला. भाड्याची. आत पलंग, शेगडी, इवलासा फ्रीज, हात धुवायला बेसिन. आपल्या सरकारनं २०२१ साली कारवाँ पर्यटनाचं धोरणसुद्धा काढलंय म्हणे, भाचा सांगत होता. मी म्हटलं, अरे, पनवेलहून अलिबागला जायचं नि संध्याकाळी घरी यायचं, त्याला पलंग कशाला? तर म्हणतो, मामी, बंड्याला पाय पसरायला. आणि खरंच हो, पळस्पे फाटा सोडला नाही तोच ते कुत्रं पलंगावर आडवं, आणि मी आपली पुढे अंग चोरून बसलेय.

पण कुलाबा किल्ल्यात ओहोटीलाच चालत जाता येतं ना, ती वेळ मात्र आमच्या ह्यांनी काढली हं. भाचेसून मोबाइलवर भरती-ओहोटी शोधत बसली होती. ह्यांचं आजोळ थळचं. ह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं नि म्हणाले, संकष्टीला जाऊ. कोळ्यांचा हिशेब आहे तो, तिथीची पाऊणपट. चतुर्थी म्हणजे चार, चाराचे पाऊणपट तीन. तीन वाजता पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, नवाच्या सुमाराला, ओहोटी. त्याच हिशेबानं अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते, पण तेव्हा भांगाचं पाणी, पुरतं ओसरतच नाही. मोबाइलनंही नवाचीच वेळ दाखवली. ह्यांचा चेहरा बघायला हवा होतात!

म्हणून साडेपाचला निघालो. शिरढोण गेलं, कर्नाळ्याचा सुळका अंधारातच गेला. वासुदेव बळवंतांच्या त्या शिरढोणावरून जाताना हे नेहमी हात जोडतात, तेव्हा जागे होते एवढंच. पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड... आठला किनाऱ्यावर. मला उपास, बाकीच्यांनी गाडीतच खिचडी नि चहा उरकला. ते एक सुख आहे त्या गाडीचं, नाकारणार नाही मी.

वाळूतून चालत निघालो. घोडागाडीवाले बोलावत होते, पण बंड्याला बघून घोडाच बिथरला. कुलाबा समोर. महाराजांनी १६८० साली बांधायला घेतला, संभाजीराजांनी पुरा केला, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी गाजवला. तटाचे चिरे बघा कधी जवळून. एकावर एक नुसते रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं नि तिथेच तिचा जोर मरतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर इतकं सिमेंट ओतून गळतंच आहे, ते सोडा.

तर दारात पोचलो, तिकिटं काढली आणि तिथला माणूस म्हणाला, कुत्रं आत नाही. भाचा लागला हुज्जत घालायला. मी घरच्यासारखा वागवतो, लस टोचलेली आहे, साखळी आहे! तो माणूस शांत हो अगदी. संरक्षित स्मारक आहे म्हणाला, १९५९ पासूनचा नियम आहे, जनावर आणायचं नाही, आणि वाटेल तिथे बसून खायचंही नाही. बरोबरच होतं त्याचं. पण गंमत ऐका. हे बोलणं चाललंय आणि आतून तीन गावठी कुत्री आळस देत बाहेर आली, बंड्याला हुंगलं नि पुन्हा आत जाऊन सावलीत बसली. भाच्याचं तोंड बघवत नव्हतं. चाळीस हजारांचं कुत्रं बाहेर नि ती आत! भाचेसून हळूच म्हणाली, किंमत मला वीस सांगितली होती. घरी गेल्यावर काय झालं असेल, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

शेवटी हे बसले बंड्याला घेऊन बाहेर कातळावर, आणि आम्ही आत. गणपतीचं पंचायतन काय सुरेख आहे! रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं देऊळ, समोर पुष्करणी, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असून विहीर गोड्या पाण्याची. संकष्टी म्हणून रांग होती. उत्तरेच्या टोकाला गाड्यावरच्या दोन तोफा आहेत, त्यावर चक्क यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव. भाच्यानं माहिती काढली होती. १७२१ साली इंग्रज नि पोर्तुगीज दोघे मिळून इथे चालून आले. मॅथ्यूज नावाच्या इंग्रज सरदाराच्या मांडीत आंग्र्यांच्या घोडेस्वारानं भाला मारला. हा रागानं मागे धावला, पिस्तुलं रोखली, तर एकही भरलेलं नाही! पुढे पोर्तुगिजांनी बाजीरावांशी तह केला आणि मोहीम बारगळली.

परत निघालो तेव्हा पावणेअकरा झालेले. पाणी घोट्यांच्या वर आलेलं. आम्ही पदर-पँटी सावरून निघालो, आणि बंड्या हलेना! पाण्याचं कुत्रं म्हणून घेतलं होतं ते. शेवटी भाच्यानं उचललं खांद्यावर, तीस किलोचं धूड. शेजारून घोडागाडीतली माणसं फोटो काढत गेली. ह्यांना मात्र काही फरक पडला नाही. दोन तास गार वारा खात कोणी न बोलता बसायला मिळालं, म्हणाले, बरी होती सहल.

तुम्ही जाणार असाल तर जून ते सप्टेंबर सोडून जा, आणि पुनवेनंतरची किंवा अमावास्येनंतरची तृतीया-चतुर्थी धरा, सकाळीच उरकतं. गाडी साधी चालेल. कुत्रं न्यायचंच असेल, तर त्याच्याजवळ बाहेर बसायला एक माणूस जास्तीचा न्या.